त्यात काय बघायचं?

तर झालं असं, की गेल्या डिसेंबरात आम्ही चार दिवस रत्नागिरीला जाऊन आलो. मी, नवरा, लेक आणि माझे आई-बाबा. परत आल्यावर चिंचवडातल्या नातेवाइकांकडे आंबापोळी वाटायला गेले, तर प्रत्येक घरी एकच प्रश्न. "काय काय पाहिलंत?" मी उत्साहाने सांगायला लागायचे... थिबा राजाचा राजवाडा, माशांचं संग्रहालय, टिळकांचं घर, मालगुंडला केशवसुतांचं घर... आणि समोरचा चेहरा हळूहळू उतरत जायचा. शेवटी एका मावशीला राहवलं नाही. "अगं, समुद्रावर गेलात ना पण? आणि त्या म्युझियममध्ये काय बघायचं असतं?"

मावशी, तू हे वाचत असशील (वाचतेसच, मला माहीत आहे :) ) तर हे उत्तर तुझ्यासाठी. तुझ्या दारात चपला घालता घालता देता आलं नाही.

समुद्रावर गेलो होतो गं. भाट्याच्या किनाऱ्यावर रोज संध्याकाळी. मासे खाल्ले, सोलकढी प्यायलो, पायात वाळू घेऊन गाडीत बसलो आणि नवऱ्याची बोलणी खाल्ली. सगळं यथासांग झालं. पण कुठल्याही गावी गेलं की तिथलं एखादं लहानसं, थोडं तऱ्हेवाईक संग्रहालय शोधायचं, ही माझी जुनी खोड आहे आणि ती मला बाबांनी लावली. बाबा भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये टूलरूममध्ये होते. एमआयडीसीतल्या बहुतेकांसारखी त्यांचीही सुट्टी गुरुवारी. आम्हाला शाळा. त्यामुळे मे महिन्यातले गुरुवार म्हणजे आमचे सणच. अशाच एका गुरुवारी त्यांनी आम्हाला पुण्यात राजा केळकर संग्रहालय दाखवलं. दिनकर केळकर नावाच्या माणसाने आयुष्यभर दारोदार हिंडून दिवे, कुलपं, अडकित्ते गोळा केले आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव त्या संग्रहाला दिलं, हे बाबांनी बसमध्ये सांगितलं होतं. मला दिवे फारसे आठवत नाहीत. बाबा एका कुलपासमोर किती वेळ उभे होते ते आठवतं. किल्ली आत कशी फिरत असेल, ते हवेत बोट फिरवून बघत होते.

आता रत्नागिरी. थिबा राजवाडा बहुतेकांना नावाने माहीत असतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी बायका-मुलांसकट त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा तयार झाला १९१० साली, म्हणजे चोवीसेक वर्षं तो दुसऱ्याच बंगल्यांमध्ये राहिला आणि स्वतःच्या राजवाड्यात जेमतेम सहा वर्षं. १९१६ मध्ये गेला, इथेच. त्याच्या आधी, १८५८ साली, याच इंग्रजांनी आपल्या बहादूरशहा जफरला दिल्लीहून उचलून रंगूनला नेऊन ठेवलं होतं. तोही १८६२ मध्ये तिथेच गेला. इकडचा राजा तिकडे आणि तिकडचा इकडे. शाळेत दोन्ही वेगवेगळ्या धड्यांत वाचलं होतं, पण एकत्र डोक्यात आलं ते त्या राजवाड्याच्या खिडकीत उभं राहिल्यावर. खाली भाट्याची खाडी दिसते, पलीकडे समुद्र. सगळं फार सुंदर आहे, आणि त्या माणसाला तेच रोज बघावं लागलं. थिबाची थोरली राजकन्या नंतर रत्नागिरीतच राहिली. तिची मुलगी टूटू इथलीच होऊन गेली, मराठी बोलत, चारचौघींसारखा गरिबीतला संसार करत. राजवाड्यातल्या वस्तू मोजक्या आहेत. वस्तू बघायला म्हणून गेलात तर वीस मिनिटांत बाहेर याल. आम्हाला दीड तास लागला, कारण लेकाचे प्रश्न संपेनात. "राजाला पळून जाता आलं नसतं का? मग तो दिवसभर काय करायचा?"

दुसऱ्या दिवशी झाडगावचं माशांचं संग्रहालय. हे सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र १९५८ सालचं, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. काचेच्या टाक्यांमध्ये जिवंत मासे, बरण्यांमध्ये मेलेले, आणि एका देवमाशाचा प्रचंड सांगाडा. लेक पोहत्या कासवांना चिकटला. बाबा सांगाड्याला. मणक्याला मणका कसा जोडलाय, भार कुठे दिलाय, हे ते वाकून वाकून बघत होते. आई म्हणाली, "आता याची पण जॉबशीट लिहा." खूप हसलो.

टिळकांचं जन्मघर आणि मालगुंडचं केशवसुत स्मारक यांबद्दल फार लिहीत नाही, तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिली असतील. एवढंच म्हणेन, की ज्या कवीला जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली, त्याचं लहानसं घर मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषदेने राखलं, आणि बाजूलाच नंतरच्या कवींच्या कवितांनाही जागा दिली, हे मला फार आवडलं.

आणि मग गणपतीपुळ्याचं प्राचीन कोकण. डोंगराच्या उतारावर झाडीत पायवाट, आणि वाटेवर जुन्या कोकणातलं गाव उभं केलेलं. माणसाच्या उंचीचे पुतळे, बारा बलुतेदार, त्यांची घरं, त्यांची अवजारं. सोबत एक मुलगी माहिती सांगत चालते. पुतळे पाहून आधी जरा हसूच येतं, खोटं कशाला सांगू. पण बाबा लोहारापाशी थांबले. मुलगी पुढे गेली, आम्ही पुढे गेलो, बाबा तिथेच. मी परत मागे आले तर म्हणाले, "ऐरणीची उंची बरोबर घेतलीय." आणि मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "बघ, यांची हत्यारं ठेवली कुणीतरी."

बस्स, एवढंच. पण मला पुढचं संग्रहालय नीट दिसलं नाही.

कारण बाबांची हत्यारं मी भंगारात दिली होती. २०१९ साली. आई-बाबांचं जुनं घर विकून आमच्या जवळ फ्लॅट घेतला तेव्हा सामान आवरायचं काम माझ्याकडे होतं. माळ्यावर एक हिरवी पत्र्याची पेटी होती. त्यात कानशी, पंच, गुण्या, गेज, व्हर्नियर, बाबांनी स्वतः घासून केलेले काही तुकडे, ज्यांची नावंही मला माहीत नव्हती. सगळं तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. मी विचारलं, "बाबा, हे आता लागणार आहे का?" ते म्हणाले, "बघ तुला काय वाटतं ते." मला वाटलं ते मी केलं. भंगारवाल्याने किलोवर घेतलं. त्या पैशांत आम्ही सगळ्यांनी मिसळ खाल्ली. बाबांनीही खाल्ली.

आता थोडं वादाचं बोलते.

आपल्याकडे जुनं म्हणजे शिवकालीन तरी हवं, नाहीतर मग ते भंगार, असा काहीतरी हिशेब आहे. शिवकालीन तर आपल्याकडे आहेच. चाकणचा किल्ला आहे, जिथे १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाहिस्तेखानाच्या फौजेला जवळजवळ दोन महिने थोपवून धरलं. चिंचवडगावात चापेकर वाडा आहे. त्याचा अभिमान आहेच. पण आपण जी चार-पाच लाख माणसं (आकडा माझा, अंदाजे, भांडू नका) कोकणातून, मराठवाड्यातून, खानदेशातून, केरळातून इथे आलो, ती किल्ला बघून नाही आलो. भोंगा ऐकून आलो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, आणि देशात पेनिसिलिन बनायला लागलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी हॅमायसिन नावाचं बुरशीवरचं औषध शोधलं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याचं शास्त्रीय नाव आहे 'स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना'. पिंपरिना! आपल्या पिंपरीचं नाव एका जंतूला आहे आणि पिंपरीतल्या शाळेत जाणाऱ्या माझ्या लेकाला ते माहीत नव्हतं. मलाही चाळिशीत कळलं.

माझी एक मावसबहीण इटलीत असते. तिने मागे पोन्तेदेरा नावाच्या गावातले फोटो पाठवले होते. तिथे व्हेस्पा स्कूटर बनवणाऱ्या पियाजिओ कंपनीचं संग्रहालय आहे, २००० साली उघडलेलं. याच पियाजिओच्या परवान्यावर साठच्या दशकात बजाजने आपल्याकडे स्कूटर बनवली, मग १९७२ मध्ये चेतक आली. आपल्या प्रत्येकाच्या अल्बममध्ये एकतरी फोटो असतो, वडील चेतकवर, पोरगं पुढे उभं. तर ते संग्रहालय कंपनीच्या ज्या जुन्या शेडमध्ये आहे, ती शेड म्हणजे त्यांची टूलरूम. बाबांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. "टूलरूम? लोक तिकीट काढून बघायला येतात?"

माझं म्हणणं इतकंच, की आपल्या पट्ट्यातही असं एखादं लहानसं संग्रहालय हवं. मोठं नको. सायन्स पार्क आहे, ते छान आहे, मुलांना न्या. मी म्हणतेय ते दोन खोल्यांचं. त्यात एक पंचिंग कार्ड, एक कँटीनचं कुपन, निळा डांगरी, संपाच्या वेळचं एखादं पत्रक, शिफ्टला जाताना न्यायचा तीन पुडांचा डबा. आणि प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी, ही कुणाची, तो हिने काय करायचा. रत्नागिरीत मला हेच जाणवलं. वस्तू एकटी असली की मुकी असते. देवमाशाबद्दल, लोहाराबद्दल कुणीतरी सांगणारं लागतं.

दादाला हे फोनवर सांगितलं. तो चाकणला एका कार कंपनीत आहे. तो म्हणाला, "जागा कोण देणार? दोन वर्षांनी धूळ कोण पुसणार? आणि सगळ्यांचंच जुनं ठेवायचं तर माणसांनी राहायचं कुठे?" यातलं खोटं काहीच नाही. बंद ट्यूबलाइटखाली, वाळवी लागलेल्या फळ्यांवर मरून पडलेली संग्रहालयंही मी पाहिली आहेत, आणि त्यापेक्षा भंगार बरं असंही मला तिथे वाटलं आहे. पेटी ठेवली असती तरी ती आमच्या माळ्यावर गंजलीच असती कदाचित. पण दादा, सगळं नाहीच ठेवायचं. काय ठेवायचं हे विचारायचं तरी, ज्याचं आहे त्याला, आणि त्याच्या उत्तराची वाट बघायची. "बघ तुला काय वाटतं ते" हे उत्तर नसतं, हे मला पाच-सहा वर्षांनी, दुसऱ्याच कुणाची तरी ऐरण बघताना कळलं.

असो. रत्नागिरीहून परत येताना कुंभार्ली घाटात मी बाबांची माफी मागितली. ते म्हणाले, "अगं, तेव्हा मला पण वाटलं, कशाला ठेवायचं." मग पाटण येईपर्यंत कुणी बोललं नाही.

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून पासबुकांच्या मागचा एक डबा काढला. त्यात त्यांचा मायक्रोमीटर होता. तो पेटीत नव्हता म्हणून माझ्या तावडीतून वाचला. १९७९ साली पहिल्या बोनसमधून घेतलेला. त्यांनी लेकाला जवळ बसवून मिलिमीटरचा शंभरावा भाग कसा वाचायचा ते शिकवलं आणि त्याच्याच डोक्यावरचा एक केस उपटून मोजायला लावला. सात शतांश भरला. लेकाने मग घरातल्या सगळ्यांचे केस मोजले. आजीचा सगळ्यात बारीक.

सध्या बाबा एका वहीत पेटीतल्या वस्तूंची यादी करत आहेत, आठवेल तशी. वस्तू, कधी घेतली, कशाला वापरली. दोन पानं झाली आहेत. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एक काचेचं कपाट रिकामं आहे, त्यासाठी मी कमिटीला अर्ज दिलाय. कमिटी म्हणाली, "बघू."

मावशी, काकांचा कंपनीतला बिल्ला अजून तुझ्याकडे आहे ना? टाकू नकोस. मी रविवारी येते.

ता.क. रत्नागिरीला जाणार असाल तर थिबा राजवाड्यासाठी सोमवार टाळा. आणि सोबत एखादं प्रश्न विचारणारं पोरगं न्या, स्वतःचं नसेल तर शेजारचं.