हातात पाना द्या, पण पेन काढून घेऊ नका

दहावीचा निकाल लागला की आमच्या वस्त्यांमध्ये एकच सल्ला घरोघर फिरतो. "पोराला हाताचं काहीतरी शिकवा, लवकर कमावता होईल." शिक्षक सांगतात, नातेवाईक सांगतात, मते मागायला येणारा नगरसेवकही सांगतो. सल्ला वाईट नाही. कमावणारा एक आणि खाणारे सहा असलेल्या घरात आयटीआयच्या एका प्रमाणपत्राने काय बदलते, हे आम्ही पाहिले आहे. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन झालेल्या आपल्या भावांमुळे कितीतरी घरांवर स्लॅब पडला. त्यामुळे व्यवसाय शिक्षणाला आमचा विरोध नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. पोराच्या हातात पाना आला की त्याच्या हातातले पेन का सुटते? आणि ते सुटले तरी कोणालाच काही का वाटत नाही?

आमच्या अभ्यासिकेत एक मुलगा आला होता. वेल्डरचा कोर्स पूर्ण केलेला, हातात कसब उत्तम. ठेकेदाराने त्याचे तीन महिन्यांचे पैसे अडकवले होते. तक्रार अर्ज लिहायला आम्ही त्याला कागद दिला. अर्धा तास तो कागदाकडे पाहत बसला. "मा. साहेब, वरील विषयास अनुसरून" एवढे लिहून थांबला. तोंडाने विचारले तेव्हा मात्र तारखा, रकमा, साक्षीदार, सगळे त्याने धडाधड सांगितले. म्हणजे सांगण्यासारखे त्याच्याकडे होते, डोकेही होते. दहा वर्षे मराठी शिकून जे त्याला कोणी दिले नाही, ते एकच: आपली बाजू आपल्या शब्दांत कागदावर मांडण्याची सवय.

यात दोष त्याचा नाही. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत. पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, निबंध, सगळे त्यात आहे. पण आपली मुले ज्या शाळांत शिकतात तिथे बहुतेक वेळा गाइडमधला निबंध फळ्यावर उतरतो आणि फळ्यावरून वहीत. 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहायचा, पण त्या दिवशी स्वतःच्या घरात पाणी शिरले होते हे लिहायचे नाही. ज्याला आपले जगणे निबंधात आणायची परवानगी नाही, तो आपला अन्याय अर्जात कसा आणणार?

आता इतिहास आठवा. १८५५ साली 'ज्ञानोदया'त एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, मातंग समाजातली, फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेली मुलगी. विषय होता मांग-महारांचे दुःख. शाळेत लिहायला शिकलेल्या एका मुलीने थेट धर्मालाच जाब विचारला! लेखनाचा तास म्हणजे काय असू शकतो, याचा पुरावा आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांपासून आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यातही मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान यांची मागणी एकत्र होती. अक्षर आणि अवजार यांची त्यांनी फारकत केली नाही.

बाबासाहेबांनीही केली नाही. १९२० मध्ये 'मूकनायक' काढणाऱ्या बाबासाहेबांनीच १९४२ साली व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मागितले, सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत प्रशिक्षणाची सोयही मागितली. नीट पाहा, त्यांनी कोणते व्यवसाय मागितले? झाडू नव्हे, चामडे नव्हे. जे काम जातीने आपल्याला कधीच दिले नव्हते, ते मागितले. जात ही कामाची नव्हे, तर कामगारांचीच वाटणी आहे, हे त्यांनी १९३६ मध्येच सांगून ठेवले होते.

उलट उदाहरणही आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शाळेची वेळ रोज तीन तासांवर आणली. उरलेल्या वेळात मुलाने घरचा धंदा शिकावा, अशी ती योजना. न्हाव्याच्या मुलाने वस्तरा, धोब्याच्या मुलाने इस्त्री. पेरियार आणि द्रविड चळवळीने रान उठवले. १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाले आणि योजना मागे घेतली गेली. जातीची व्यवस्था 'कौशल्य' या गोंडस नावानेही शाळेत शिरते, हा त्याचा धडा.

म्हणून २०२० च्या शैक्षणिक धोरणाकडे आपण डोळे उघडे ठेवून पाहायला हवे. सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायचे, असे त्यात म्हटले आहे. कल्पना सर्व मुलांसाठी आहे आणि श्रमाला प्रतिष्ठा मिळणार असेल तर स्वागतच आहे. पण आपल्या गावात सुतार आणि कुंभार ही नुसती कामाची नावे नाहीत, जातींचीही आहेत. तेव्हा कसोटी सोपी आहे. पाटलाचा मुलगा चर्मकाराच्या दुकानात बसून टाका घालायला शिकणार आहे का? आणि चर्मकाराची मुलगी संगणकाची जोडणी शिकायला जाणार आहे का? दोन्ही होत असेल तर ते शिक्षण. प्रत्येक मूल आपापल्या बापाच्याच अवजाराकडे परतणार असेल, तर ती मद्रासचीच योजना आहे, फक्त पाटी नवी.

आमची मागणी साधी आहे. व्यवसाय विषय घेणाऱ्या मुलाच्या भाषेच्या तासाला कात्री लागता कामा नये. त्याला गाइडमधला निबंध नको. त्याने केलेल्या कामाची नोंद, अपघाताचा अहवाल, शिकाऊ उमेदवारीच्या कराराचे वाचन, माहिती अधिकाराचा अर्ज, ॲट्रॉसिटीची फिर्याद, हे त्याला लिहिता आले पाहिजे. फिर्यादीतला एक शब्द गाळला तर खटला कसा कोसळतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

सरकार हे करेल तेव्हा करेल. विहार आपले आहेत, अभ्यासिका आपल्या आहेत. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी एक कोरी वही ठेवा. दर रविवारी दोन तास, आयटीआयची आणि हायस्कूलची मुले एकत्र बसवा. पहिला विषय द्या: 'या आठवड्यात माझ्यावर झालेला अन्याय'. व्याकरण नंतर तपासू, आधी लिहू द्या. अण्णाभाऊंनी गिरणीत घाम गाळला, नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली. हात राबत होते म्हणून त्यांचे पेन थांबले नाही.

आमच्या पोरांनी यंत्र चालवावे, दुरुस्त करावे, उद्या स्वतःचा कारखानाही काढावा. पण त्या कारखान्याच्या फाटकावर काय लिहायचे, हेही त्यांनीच ठरवावे.

जय भीम!