न वाचलेल्या दस्तावर अंगठा

आपल्या वाडवडिलांनीं सावकाराच्या दस्तावर न वाचतां अंगठा उठविला आणि जमिनी घालविल्या. १८७५ सालीं याच पुणें जिल्ह्यांत सुप्यास शेतकऱ्यांनीं ते दस्त जाळले. आतां दस्त मोठे झाले आहेत. ते राष्ट्राराष्ट्रांत होतात.

व्यापारी संघांत शिरणें म्हणजे सामाईक विहिरींत वांटा घेणें. पाणी मिळतें, पण मोट केव्हां धरावी हें एकट्याच्या हातीं राहत नाहीं. संघांत जकात उतरवावी लागते. ती उतरली, कीं परदेशचा स्वस्त माल येऊन घरचा भाव खालीं ओढतो. भाजें गांवीं लेण्यांखालीं भात लावणाऱ्या कुणब्यालाच भाव मिळाला नाहीं, तर लावणीच्या बाईला मजुरी कोठून मिळणार? किमान वेतनाचा कायदा १९४८ सालीं झाला; पण कायद्यानें कणगी भरत नाहीं.

जागतिक व्यापार संघटना १९९५ सालीं स्थापन झाली. तिच्या नियमानें आजच्या हमीभावाची तुलना १९८६-८८ च्या भावाशीं होते, व मदत पिकाच्या किंमतीच्या १० टक्क्यांवर जाऊं नये असें बंधन आहे. २०१८-१९ सालीं साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला १,७५० रुपये होता. त्या सालीं तांदळाची मदत मर्यादेबाहेर गेली, आणि सरकारला २०१३ च्या बाली येथील सवलतीचा आसरा घ्यावा लागला. खत महागलें, लोखंड महागलें. दस्तांतला भाव मात्र जुनाच!

४ नोव्हेंबर २०१९ रोजीं बँकॉक येथें भारतानें आरसेप संघांत शिरण्याचें नाकारलें. चीन, जपान, न्यूझीलंड धरून १५ राष्ट्रें त्यांत राहिलीं. न्यूझीलंडच्या दूधभुकटीपुढें आपला गोठा टिकेल काय, ही धास्ती त्या वेळीं दूधवाल्यांनीं बोलून दाखविली होती.

कोणी म्हणेल, लोहाराला लोखंड स्वस्त मिळेल, घरांत गोडें तेल स्वस्त येईल. तें खरें आहे. दार कायमचें लावा असें आमचें म्हणणें नाहीं. शेजारच्या कार्ल्याच्या लेण्यांत धेनुकाकटच्या यवनांचीं दानें कोरलेलीं आहेत. परक्याशीं देवघेव या खोऱ्याला नवी नाहीं.

मागणी एवढीच, कीं सहीपूर्वीं मसुदा मराठींत छापून ग्रामसभेंत वाचावा. कोणत्या मालाची जकात किती उतरणार, आणि नुकसान झालें तर भरून कोण देणार, हें स्पष्ट सांगावें. सही दिल्लीस होते, पण तिची परतफेड मावळच्या खाचरांतून व्हावयाची आहे. शेतकरी बंधूंनो, अंगठा उठविण्यापूर्वीं दस्त वाचून मागा!