कात्री लावण्यापूर्वीं

आमची सूनबाई गेल्या मार्गशीर्षांत एका रविवारीं सकाळीं जुन्या बाजारांत गेली आणि दुपारीं परतली ती एक काळेंकुट्ट पितळी पातेलें, एक पाय मोडलेला सागवानी पाट आणि कांठाचा टवका उडालेली चिनी मातीची बरणी घेऊन. "आपल्या माळ्यावर अडगळ कमी होती काय?" हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण तिच्या मुद्रेवरील समाधान पाहून मीं तो गिळला. वयाची साठी उलटल्यावर माणसाला जे कांहीं थोडे गुण नव्यानें शिकावे लागतात, त्यांपैकीं प्रश्न गिळणें हा एक होय.

पुण्यांतील हा बुधवार-रविवारचा बाजार वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलाच असेल. मोडकीं घड्याळें, कुलपें, कंदील, शिवणयंत्रांचे लोखंडी पाय, वाड्यांच्या दारांच्या कड्या, अडकित्ते, जुनीं नाणीं, काय वाटेल तें तेथें मिळतें. एका पिढीनें ज्या वस्तू हलक्या मनानें घराबाहेर काढल्या, त्याच दुसरी पिढी तेथें घासाघीस करून विकत घेते. अशा वस्तू आणून त्यांना नवें रूप देण्याची हौस हल्लीं तरुण मंडळींत वाढली आहे. शिवणयंत्राच्या पायांवर फळी बसवून मेज करावें, कंदिलांत विजेचा दिवा लावावा, फुटक्या बंबांत झाड लावावें, असे नाना प्रकार चालतात. ही हौस मला मनापासून आवडते. मात्र हौसेच्या भरांत एक गोष्ट विसरली जाते, व तिजसंबंधानें आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

संस्कृतांत 'जीर्णोद्धार' असा एक सुंदर शब्द आहे. शाळेंत तो शिकवितांना मी मुलांना विचारीत असें, कीं यांत महत्त्वाचें पद कोणतें? मुलें 'जीर्ण' म्हणत. मी 'उद्धार' म्हणत असें. उद् म्हणजे वर आणि हृ म्हणजे नेणें. जें झिजून खालीं गेलें त्याला वर उचलणें, तो उद्धार. देवळाचा जीर्णोद्धार करणारा जाणता कारागीर आधीं देवळाभोवतीं फिरून कोणता दगड कोणाचा भार वाहतो हें पाहतो. आल्याबरोबर पहार घालीत नाहीं. घरांतील वस्तूंचेंही तसेंच आहे. वस्तु कशाची घडली, कोणत्या कामासाठीं घडली आणि कोणाची होती, हें पाहिल्यावांचून तिला हात घातला, तर उद्धार होतो खरा, पण तो मराठींतल्या दुसऱ्या अर्थानें!

याचा अनुभव त्याच दिवशीं आला. सूनबाईनें पातेल्याला चिंच आणि मीठ लावून पाहिलें, काळेपणा हटेना. तेव्हां तिनें कांचकागद घेतला आणि घासावयास बसली. अर्ध्या घटकेनें तिची हाक आली, "मामंजी, इथं कांहीं अक्षरं आहेत, बघा हो." मीं चष्मा चढवून पाहिलें. पूर्वीं भांड्यांवर ठोक्याठोक्यांनीं नांव घालीत, तसें गळ्याशीं नांव घातलेलें होतें. अर्धें कांचकागदाखालीं नाहींसें झालें होतें. उरलेल्या ठिपक्यांतून 'बाई यांस' आणि पुढें 'भेट' एवढेंच लागलें. कोणा बाईंना कोणीं तरी प्रेमानें दिलेलें तें पातेलें. पण कोणाला आणि कोणीं, तें आतां कोणासच कळणार नाहीं. सूनबाईचा चेहरा उतरला. मीं तिला म्हटलें, "वाईट वाटून घेऊं नकोस. तुझ्याकडून अर्धें नांव गेलें. माझ्याकडून सबंध गेलें आहे." आणि जी गोष्ट मीं घरांत कधीं कोणास सांगितली नव्हती, ती तिला सांगितली.

साल १९८४. मी नुकताच शाळेंत लागलों होतों आणि घराला नवें रूप देण्याचा उत्साह अंगांत मावत नव्हता. त्या काळीं स्टेनलेस स्टीलचा डामडौल मोठा. पितळ घासण्याचे कष्ट नाहींत, कल्हईची यातायात नाहीं. आई लग्नकार्यासाठीं चार दिवस परगांवीं गेली होती. तेवढ्यांत मीं माळ्यावरचें आणि फडताळांतलें पितळ-तांबें गोणींत भरलें, मोडीच्या भावानें भांड्यांच्या दुकानांत घातलें आणि चकचकीत डब्यांचा संच आणून फळीवर मांडला. आई आली. तिनें डबे पाहिले, "छान आहेत हो," म्हणाली. दिवेलागणीच्या सुमारास मात्र तिनें हळूच विचारलें, "त्यांत माझा गडू गेला का रे?"

तो तांब्याचा लहान गडू तिच्या थोरल्या भावानें आपल्या पहिल्या पगारांतून घेऊन तिला दिलेला होता, आणि त्यावर तिचें माहेरचें नांव घातलेलें होतें. तो भाऊ ऐन तारुण्यांत गेला. लग्नानंतर तिचें नांव बदललें. त्या जुन्या नांवानें हाक मारणारें कोणी उरलें नव्हतें. तें नांव राहिलें होतें तें त्या गडवावर. आई पुन्हा त्याविषयीं एक अक्षर बोलली नाहीं. ती २००४ सालीं गेली. तोंवर आणि त्यानंतरही जुन्या बाजारावरून जातांना मी तांब्याचे गडू उचलून त्यांचे गळे पाहत असें. मोडींत घातलेलें भांडें वितळतें, तें बाजारांत येत नाहीं, हें मला कळत होतें. तरी पाहत असें.

या चुकीचें प्रायश्चित्त म्हणून मीं दुसरी चूक केली. आईच्या मागें तिची पांच सुती लुगडीं आणि लग्नांतली एक पैठणी राहिली. तीं मीं पेटींत घातलीं आणि कोणीं हात लावावयाचा नाहीं असें बजावलें. दर वैशाखांत पेटी उन्हांत जाई आणि पुन्हा पलंगाखालीं येई. "इतकं जपून शेवटीं कसरीलाच वाढायचं आहे का?" असें आमच्या घरांतून दरवर्षीं ऐकावें लागे. तिचें म्हणणें रास्त होतें. न पाहतां टाकणें आणि न पाहतां सांठविणें, हीं दिसावयास उलट असलीं तरी एकाच आळसाचीं दोन रूपें आहेत. दोहोंतही वस्तूकडे कोणी पाहत नाहीं.

पाहणें म्हणजे काय, हें ज्यांना समजून घ्यावयाचें असेल त्यांनीं पुण्यांतील राजा दिनकर केळकर संग्रहालय अवश्य पाहावें. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणारे कै. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनीं तो संग्रह आयुष्यभर खपून जमविला, लहानपणींच गेलेल्या आपल्या राजा या मुलाचें नांव त्याला दिलें आणि १९७५ सालीं तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेथें काय आहे? दिवे, दौती, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, पाय घासण्याच्या वज्री. म्हणजे ज्या वस्तू आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरांतून मोडींत गेल्या त्याच. केळकरांनीं त्यांचें दुसरें कांहीं केलें नाहीं. त्या काय आहेत तें ओळखलें आणि तशाच ठेवल्या. जुनी वस्तु हातीं आली असतां पहिला प्रश्न हा विचारावा, कीं ही आहे तशीच ठेवण्याजोगी आहे काय? नाहीं असें उत्तर आलें, तरच पुढें जावें.

दुसरा प्रश्न, तिचें जुनें काम ती अजून करूं शकेल काय? सूनबाईचें पातेलें शाबूत होतें, म्हणून तें पुन्हां स्वयंपाकांत घ्यावें असें ठरलें. पण पितळ म्हणजे तांबें आणि जस्त यांचें मिश्रण. आंबट पदार्थ लागतांच तांबें अन्नांत उतरूं लागतें. याकरितां कल्हई हवीच. भांडें तापवून त्यांत नवसागर टाकतात, म्हणजे धातूवरील मळ निघतो, आणि मग कथील लावून कापसाच्या बोळ्यानें फिरवितात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतें, म्हणून एवढें काम लहान भट्टीवर भागतें. कथील शुद्ध असल्याची मात्र खात्री करून घ्यावी. शिसें मिसळलेलें स्वस्त पडतें, पण तें पोटांत जाणें घातक आहे. हाच धोका जुन्या तैलरंगांत असतो. रंगविलेली जुनी खुर्ची किंवा पाळणा कोरडा खरवडूं नये. ती धूळ लेंकरांच्या श्वासांत जाते.

तिसरा प्रश्न, जुनें काम होत नसेल तर त्याच्या जवळचें कोणतें काम ती करील? टवका उडालेल्या बरणींत लोणचें घालूं नये, कारण झिलई गेलेल्या जागीं तेल व मळ मुरतो. परंतु पळ्या, झारे उभे ठेवावयास तिच्यासारखें दुसरें भांडें नाहीं. पाटाला ठोकून पाहिलें. आवाज भरीव आला, म्हणजे आंत वाळवी नव्हती. उरलेला पाय काढून त्याची देवघराजवळ भिंतींत फळी बसविली. जो पाट माणसाचा भार वाही, तो आतां पोथ्यांचा वाहतो. वस्तूच्या स्वभावाला धरून जें काम दिलें जातें तें टिकतें. नुसत्या शोभेसाठीं दिलेलें काम दोन दिवाळ्यांत पुन्हां माळ्यावर जातें.

इतकें झाल्यावर सूनबाई एके दिवशीं धीर करून म्हणाली, "मामंजी, ती पेटी उघडायची का?" आणि मीं किल्ली दिली.

लुगडीं पाहावयाचीं कशीं, हें आमच्या घरांतून तिला दाखविलें; आणि ती स्वतः तें लहानपणीं दारावर येणाऱ्या बोहारणीकडून शिकली होती. बोहारीण कपडा उजेडावर धरी आणि कोठें विरलें आहे तें एका दृष्टिक्षेपांत ओळखी. आपण जें टाकाऊ म्हणून भांड्यावर घालीत असूं, तें नीट करून, धुऊन पुन्हां विकण्यावर तिचा संसार चालत असे. म्हणून तिची पारख आपल्याहून पक्की. त्याच रीतीनें पांचही लुगडीं खिडकींत धरून पाहिलीं. नऊ वार म्हणजे सुमारें सव्वाआठ मीटर. एका लुगड्याचे दोन मीटरचे चार तुकडे पडतात. अगदीं जीर्ण तुकडे वगळून बारा निघाले, म्हणजे सहा-सहा थरांच्या दोन गोधड्या.

गोधडी शिवणारांसाठीं चार सूचना येथेंच देतों. कापड सुतीच घ्यावें. कृत्रिम धाग्याचें कापड घाम टिपीत नाहीं आणि थर घसरतात. जुनें सुत चांगलें तें एवढ्याचसाठीं कीं तें आटावयाचें तितकें आटून चुकलेलें असतें. नवें कापड घातलें तर पहिल्या धुण्यास सुरकुत्या पडतात. तुकडे कात्रीनें न कापतां कडेला चीर देऊन हातानें फाडावे. फाडलेली कड सुताला धरून सरळ जाते, कात्री वाट चुकते. विरलेले तुकडे मध्यें आणि धड तुकडे वरखालीं घालावे. आधीं मोठे कच्चे टांके घालून थर एकमेकांस बांधावे, नाहींतर मधोमध झोळ येतो. मग कडेपासून आंत आंत जात, बोटभर अंतरानें धावदोरा घालावा. बंगालमधील कांथा याच जातीची. तेथील बायका जुन्या साडीच्या कांठांतील रंगीत दोरे उसवून त्यांनींच नक्षी भरीत. बिहारची सुजनीही त्यांचीच बहीण.

पैठणी मात्र आम्ही कापली नाहीं. तिचा पदर उलटसुलट सारखाच दिसतो, असें तें विणकाम. पण इतक्या वर्षांच्या घडींवर रेशीम तुटावयास लागलें होतें. माझें जपणें तें हेंच! आतां ती स्वच्छ सुती कापडांत गुंडाळून, घडी न घालतां नळकांड्यावर ठेविली आहे. पेटी एकच, परंतु पांच लुगड्यांचें हित फाडण्यांत होतें आणि सहाव्याचें न फाडण्यांत. पेटी उघडल्यावांचून हें कसें कळावें?

माघांत पहिली गोधडी पुरी झाली. शेवटच्या दिवशीं सूनबाई माझ्यापाशीं येऊन म्हणाली, "कोपऱ्यावर आजींचं नांव घालते. कांठांतला हिरवा दोरा काढून ठेवला आहे. कोणतं घालूं?" मीं एका कागदावर आईचें माहेरचें नांव लिहून दिलें. कित्येक वर्षांत तें मीं प्रथमच लिहीत होतों. ऱ्हस्व कीं दीर्घ, याचा मास्तर असूनही मला क्षणभर विचार करावा लागला.

ती गोधडी सध्यां आमची नात पांघरते. ती दुसरींत आहे आणि दिसेल तें वाचते. एका रात्रीं तिनें कोपऱ्यावरचीं अक्षरें जुळवून वाचलीं आणि विचारलें, "आजोबा, ही कोण?" मग गडवाची गोष्ट तिलाही सांगितली.

वाचकांस एवढीच विनंति आहे. येत्या रविवारीं बाजारांत जरूर जावें. पण त्यापूर्वीं आपल्या माळ्यावरची एक वस्तु खालीं काढावी, ओल्या फडक्यानें पुसावी, उजेडांत धरावी, तिच्यावर कांहीं अक्षरें आहेत काय तें पाहावें आणि घरांतील सर्वांत वडील माणसाला तिच्याविषयीं विचारावें. कात्री, कांचकागद आणि रंगाची डबी यांची घाई नाहीं. विचारण्याची मात्र आहे. कारण उत्तर देणारें माणूस वस्तूहून लवकर जीर्ण होतें.