सुया टोचून घेण्याआधी

"अ‍ॅक्युपंक्चर करून बघू का गं?" महिन्याभरात घरातल्याच तिघांनी विचारलं, म्हणून इथे एकदाच लिहून टाकते. मी डॉक्टर नाही. कंबरेसाठी आठ वेळा सुया टोचून घेतल्यात आणि त्या निमित्ताने थोडंफार वाचलंय, एवढंच.

आधी भीतीचं बघू. ही सुई इंजेक्शनची नव्हे. पाव मिलिमीटरच्या आसपास जाडी, आतून भरीव. टोचताना डास चावल्याइतपत कळतं, मग आत एक बोथट, जडशी कळ जाणवते. वीस-तीस मिनिटं पडून राहायचं. (मला दोनदा चक्क झोप लागली!) कधी काळानिळा डाग उमटतो, कधी उठताना गरगरतं, म्हणून उपाशीपोटी जाऊ नये. छातीवरची सुई फार खोल गेली तर फुप्फुसाला इजा होते. क्वचित, पण होते. तेव्हा रीतसर शिकलेला माणूस हवा, आणि सुयांचं नवं पाकीट आपल्यासमोर फोडलेलं हवं.

आपल्याकडे या सुयांना कोटणिसांचं नाव हमखास चिकटतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते शस्त्रक्रिया करायला, आणि १९४२ साली तिथेच वारले. ही विद्या तिकडे शिकून भारतात आणली ती त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय बसूंनी, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस. असो.

गुण येतो का? जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने ४७.६ टक्क्यांना फरक पडला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्क्यांना, आणि औषधं-व्यायाम वगैरे नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. भक्त पहिला नि तिसरा आकडा सांगतात, टीकाकार पहिला नि दुसरा. मी तिन्ही वाचते. शरीरातल्या 'ची'च्या वाहिन्यांच्या नकाशावर माझा विश्वास नाही, पण जुन्या दुखण्यात निवांत पडून, कुणीतरी लक्ष देऊन केलेल्या उपचाराने आराम पडतो हेही खोटं नाही. मला पडला. किती सुयांचा आणि किती त्या अर्ध्या तासाचा, देव जाणे.

माझं भांडण वेगळंच आहे. मावशी गुडघ्यांसाठी एके ठिकाणी गेली, तर तिला सांगितलं, "दहा सिटिंग होईपर्यंत बीपीच्या गोळ्या बंद ठेवा, शरीर आपोआप सांभाळतं." तिने ऐकलं! पाचव्या दिवशी नेहमीच्या डॉक्टरांकडे मोजलं तर वरचा आकडा एकशेनव्वद. पूरक उपचार म्हणजे चालू औषधाच्या जोडीचा. चालू गोळी बंद करायला सांगणाऱ्याकडे पुन्हा पाऊल टाकू नये, मग त्याच्या भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं असोत. मावशी अजून सुया घेते, पण दुसरीकडे, आणि गोळ्या चालू ठेवून.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगा. पेसमेकर असेल तर सुयांना करंट जोडू देऊ नका. पाच-सहा वेळांत काहीच फरक नसेल तर थांबा, आगाऊ दहाचे पैसे भरू नका.

आणि काका, मानेबरोबर हातालाही मुंग्या येतात म्हणालात ना? आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मग सुयांचं बघू.