नमुना एक, मापे अनेक

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. घरी मशीन आहे, हात चांगला आहे, म्हणून तिने शेजारच्या बायकांचे ब्लाऊज शिवून द्यायला सुरुवात केली. तिच्याजवळ ३४ छातीचा, स्वतःच्या अंगावर छान बसणारा कागदी नमुना. पहिलेच गिऱ्हाईक ३६ छातीचे. तिने हिशोब केला : घेरात फरक दोन इंचांचा, कागद चौथ्या भागाचा, म्हणजे अर्धा इंच. तो अर्धा इंच कागदाच्या सगळ्या कडांनी वाढवून तिने कापड बेतले. ब्लाऊज छातीला बरोबर आला. पण काखेत काचू लागला आणि खांदा दंडावर उतरला. ब्लाऊजपीस भरून द्यावा लागला. “माझे कुठे चुकले?” असे ती विचारते.

बाई गं, हिशोब चुकलेला नाही, कडा चुकल्या! छाती दोन इंचांनी जास्त असलेल्या बाईचा खांदा काही दोन इंचांनी रुंद नसतो. गळा, खांदा, पाठीची उंची ही हाडांची मापे, ती थोडीच बदलतात. खरी वाढ असते ती काखेखाली, बाजूला. शिवाय मुंढा म्हणजे कागदातली खाच. तिच्या कडेला कागद वाढवला की खाच मोठी होत नाही, उलट बुजते. गळ्याचेही तसेच. म्हणून नमुना मोठा करताना कडा वाढवायच्या नाहीत. टोके सरकवायची, आणि प्रत्येक टोक वेगवेगळ्या अंतराने.

आता कागद-पेन्सिल घ्या. आपला ३४ चा साधा टक्सचा नमुना शिलाईची माया वगळून ब्राउन पेपरवर काढा. माया धरून वाढवत गेलात तर गोंधळ होतो. ती शेवटी द्यायची. मधली उभी रेघ आणि काखेतून जाणारी छातीची आडवी रेघ, या दोन्ही ठळक करा. या दोन रेघा जागच्या हलवायच्या नाहीत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे ध्यानात ठेवा. ३४ चे ३६ करताना :

गळ्याजवळचे खांद्याचे टोक – वर पाव इंच, बाहेर एक सूत.
मुंढ्याकडचे खांद्याचे टोक – वर पाव इंच, बाहेर पाव इंच.
पुढच्या गळ्याचा खालचा बिंदू – वर एक सूत.
काखेतले टोक – छातीच्या रेघेवरच, बाहेर अर्धा इंच.
कमरेचे बाजूचे टोक – बाहेर अर्धा इंच. उंची तीच.
टक्सचे टोक – बाहेर एक सूत.

नवी टोके जोडून घ्या. मुंढ्याचा आणि गळ्याचा बाक जुन्या नमुन्याचाच कागद सरकवून काढा, म्हणजे वळण बिघडत नाही. पाठीच्या भागाला हीच मापे. आता पाहा, घेर दोन इंचांनी वाढला, पण मुंढ्याच्या बाजूने खांदा जेमतेम एक सूत लांबला, आणि मुंढा बुजण्याऐवजी खोल झाला.

मुंढा वाढला की बाही वाढलीच पाहिजे. दुमडलेल्या बाहीच्या कागदावर घडीची बाजू तशीच ठेवून माथा पाव इंच वर घ्या आणि काखेकडचे टोक पाव इंच बाहेर. दंडघेर मात्र गिऱ्हाइकाच्या दंडावर टेप लावूनच घ्यावा. मग टेप कडेवर उभा धरून पुढचा आणि मागचा मुंढा मोजा, बाहीचा बाक मोजा. बाही दोन-तीन सूत जास्त भरली तर माथ्यावर जिरवता येते. कमी भरली तर कात्री लावण्याआधीच थांबा.

ज्यांना तीन-चार मापे हवीत त्यांच्यासाठी एक युक्ती. हीच वाढ दोनदा देऊन ३८ चा नमुना त्याच कागदावर, त्याच दोन रेघांवर काढा. ३४ आणि ३८ ची सारखी टोके पट्टीने जोडा. प्रत्येक जोडरेघेच्या मध्यावर खूण केली की ३६ आपोआप तयार! रेघेची वाट तशीच पुढे नेली तर ४० मिळतो. पण एका नमुन्यावरून वर दोन मापे आणि खाली दोन मापे, याहून पुढे जाऊ नका. त्यापलीकडे बांधाच बदलतो, टक्सची रुंदी वाढवावी लागते. तेव्हा नवा नमुना काढणेच बरे.

मापवार नमुन्यांचा हा खटाटोप फार जुना आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले. त्यापूर्वीचे नमुने बहुधा एकाच मापाचे येत आणि लहानमोठे करण्याचे काम घरच्या बाईवरच पडे. म्हणजे आपल्या भगिनीची अडचण काही तिच्या एकटीची नव्हे!

मुलींच्या फ्रॉकला मात्र हे गणित लावू नका. मुले आधी उंच होतात, घेर मागून येतो. पुढच्या वर्षाचा फ्रॉक बेतताना छातीपेक्षा उंची जास्त वाढवावी लागते, आणि तीही थोडी कमरेवर, बरीचशी घेरात.

शेवटी कमाईच्या दृष्टीने एक सांगते. नवे माप प्रथम मांजरपाटावर किंवा जुन्या साडीच्या तुकड्यावर बेतून कच्चे टाके घाला आणि अंगावर लावून पाहा. अर्धा तास जातो, पण परक्याचे कापड वाया जात नाही. प्रत्येक नमुन्यावर छाती, उंची, ‘मायेशिवाय’ हा शब्द आणि उभ्या धाग्याची खूण लिहून ठेवा, आणि मापवार पाकिटे करा. असा संच एकदा तयार झाला की दहाव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच्या निम्मा वेळ लागेल.

कटोरी ब्लाऊजची वाढ निराळी असते, ती पुढच्या वेळी पाहू.