उचल आणि पदवी

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला आपल्याकडे 'कोयता' म्हणतात. माणसे दोन, पण हिशेबाला अवजार एक. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा या भागांतून असे कितीतरी कोयते पावसाळा सरल्यावर गुजरातेतील उसाच्या पट्ट्यात उतरतात. जाण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतात आणि हंगामभर ती फेडत राहतात. उद्याच्या श्रमांवर आज घेतलेला पैसा, हे उचलीचे स्वरूप. शैक्षणिक कर्जाचे स्वरूप याहून मुळात निराळे नाही, असे म्हटल्यास बँकेतील मंडळींना राग येईल. परंतु मिल्टन फ्रीडमनने १९५५ साली शिक्षणाच्या अर्थसाहाय्यावर लिहिताना हेच ओळखले होते. विद्यार्थ्याच्या भावी मिळकतीत हिस्सा विकत घेणे हे अंशतः गुलामगिरीसारखे दिसते, ही अडचण त्याने स्वतःच मांडली आणि तरीही त्या कल्पनेची शिफारस केली.

अर्थशास्त्राची पदवी कर्ज काढून घ्यावी काय, या प्रश्नाचे पाठ्यपुस्तकी उत्तर सोपे आहे. पदवीधराची सरासरी मिळकत घ्या, बिगरपदवीधराची वजा करा, हप्ता त्याहून कमी असेल तर कर्ज काढा. चार लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे ५,३०० रुपये येतो. शिक्षणाच्या काळातील व्याज मुद्दलात मिळवले तर अधिक. पुण्यामुंबईत पगारदाराला ही रक्कम जड वाटू नये. मात्र या हिशेबातील 'सरासरी' हा शब्द फसवा आहे. एक विद्यार्थी भारतीय आर्थिक सेवेत जातो, दुसरा घड्याळी तासिकांवर शिकवत वर्षानुवर्षे नेट-सेटची प्रमाणपत्रे सांभाळतो. दोघांची सरासरी काढता येते. हप्ता मात्र ज्याचा त्यालाच भरावा लागतो. सुखवस्तू घरातील मुलाचा अंदाज चुकला तर वडील सावरून घेतात. धडगावच्या डोंगरातील मुलीचा चुकला तर तिच्या मागे कोण उभे राहणार?

त्यात एक विचित्र गाठ आहे. शहाद्यात किंवा नंदुरबारात कला शाखेतून बी. ए. करणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, शासकीय वसतिगृह असते. कर्जाचा प्रश्न सहसा येतच नाही. तेथे खरा खर्च म्हणजे बुडालेली मजुरी आणि न बनलेला एक कोयता. पण निव्वळ या पदवीला बाजारात फारशी किंमत नाही. किंमत येते ती पुढे पुण्याच्या गोखले संस्थेसारख्या ठिकाणी एम. ए. केल्यावर, आणि नेमक्या त्याच पायरीवर शहराचे घरभाडे, खाणावळ आणि कर्ज समोर उभे राहते.

कर्जाला तारण काय द्यायचे? वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाहक्काने पुढे जातो, विकता येत नाही. आदिवासींच्या इतर जमिनीच्या हस्तांतरणावरही कायद्याची बंधने आहेत, आणि ती असलीच पाहिजेत. नाहीतर ती जमीन केव्हाच सावकाराच्या घशात गेली असती. परंतु जे कुंपण जमीन राखते तेच मोठ्या कर्जाची वाटही अडवते. छोट्या कर्जांना तारण लागत नाही, हे खरे. पण २००९ साली सुरू झालेली केंद्राची व्याजमाफी तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती होती. अर्थशास्त्र हा व्यवसाय नव्हे, असे सरकारने ठरवले होते. अर्थतज्ज्ञ पंतप्रधानपदी असताना! (याच पंतप्रधानांनी पुढल्या वर्षी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, शहादा तालुक्यातील टेंभलीत येऊन 'आधार'चा आरंभ केला.) नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना विनातारण कर्ज देते, मात्र निवडक मानांकित संस्थांच्या यादीपुरते.

या संदर्भात बाबासाहेबांची आठवण अपरिहार्य आहे, गौरवासाठी नव्हे, हिशेबासाठी. १९१३ साली बडोदे संस्थानने त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवले. अट दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची. म्हणजे तीही एका अर्थी उचलच. १९१७ साली ते बडोद्यात रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला घर मिळेना. पारशी पथिकाश्रमातून बाहेर काढले गेले आणि नोकरी सुटली. कोलंबियाचे अर्थशास्त्र होते, पद होते, पगार होता. तो पगार कमावण्यासाठी डोक्यावर जे छप्पर लागते ते जातीने नाकारले. परताव्याच्या कोणत्याही तक्त्यात हा रकाना नसतो. पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून उसने पैसे घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने डी. एस्सी. झाले. पण पोटासाठी त्यांनी धरली ती वकिली. मिळकतीच्या निकषावर हे कर्ज फायद्याचे होते की तोट्याचे, हे ज्याला सांगायचे असेल त्याने सांगावे.

ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून वेगळी पद्धत स्वीकारली. तेथे मिळकत ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यावरच शुल्काची परतफेड सुरू होते, तीही करासोबत. अंदाज चुकल्याचा भार त्यामुळे एकट्या विद्यार्थ्यावर पडत नाही. आपल्याकडे मात्र अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने हप्ता सुरू, नोकरी लागो वा न लागो. या बाबतीत मुकादम आणि बँक यांच्यात मला अंतर दिसते ते व्याजदराचे आणि भाषेचे.

म्हणून कोणी विचारलेच तर मी सांगेन: बी. ए. जिल्ह्यातच, कर्जाविना करावे. पुढच्यासाठी कर्ज काढावे, पण संस्थेला सर्वांत मोठा पगार कोणाला मिळाला ते विचारू नये. वर्गातील अगदी मधल्या मुलाला किती मिळाला आणि किती जणांना काहीच मिळाले नाही, हे विचारावे. उत्तर देण्यास टाळाटाळ झाली तर अर्ज तसाच परत आणावा.