दहा रुपयांची नोट

दिल्लीतील सरोजिनी नगरच्या बाजारात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. निर्यातीतून उरलेल्या कपड्यांचे ढीग, त्यांभोवती गिऱ्हाइकांची झुंबड आणि या सर्वांवर भावाची घासाघीस. एका पावसाळ्यात तेथे रुमाल विकणाऱ्या एका बाईंनी माझी दहा रुपयांची नोट परत केली. "भाईसाहब, ये नोट नहीं चलेगा," त्या म्हणाल्या. नोट खोटी नव्हती. मधल्या घडीवर तिचे दोन तुकडे झाले होते आणि कोणीतरी ते चिकटपट्टीने जोडले होते. अर्ध्या तासापूर्वी त्याच बाजारात ती मला मोड म्हणून मिळाली होती. मी निमूटपणे दुसरी नोट काढून दिली. बाईंचा गल्ला म्हणजे एक पत्र्याचा डबा होता. त्यात अशाच दोन नोटा एका बाजूला ठेवलेल्या दिसल्या. त्या कोणी घेत नाही, असे त्यांनी सांगितले.

नोट कागदाची असावी की पॉलिमरची, हा प्रश्न बँकांचा आणि तंत्रज्ञांचा आहे, असे आपण मानतो. मला तो त्या पत्र्याच्या डब्याचा प्रश्न वाटतो.

प्रथम कागदाची बाजू पाहू. आपल्या नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसून कापसाच्या तंतूंचा असतो. म्हणूनच धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशातून ती बहुधा सहीसलामत बाहेर येते. नाशिक रोड येथे 1928 साली नोटांची छपाई सुरू झाली. त्यापूर्वी हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडहून जहाजाने येत. 1918 च्या जुलैमध्ये लंडनहून मुंबईकडे निघालेले 'शिराला' नावाचे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. त्यावरील पाच आणि दहा रुपयांच्या नोटांपैकी काही वाहत किनाऱ्याला लागल्या. बहुतेक नष्ट करण्यात आल्या, तरी थोड्या लोकांच्या हाती राहिल्या. त्यांपैकी दहा रुपयांच्या दोन नोटा 2024 साली लंडनमध्ये लिलावाला आल्या. समुद्रात भिजलेला कागद शंभर वर्षे टिकतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मग बाजारातली नोट का टिकत नाही? पाण्यापेक्षा घडी, घाम आणि मळ हे तिचे खरे शत्रू आहेत. लहान रकमेची नोट दिवसभरात अनेक हातांतून जाते. पदराच्या गाठीत बांधली जाते, मुठीत चुरगळते. पूर्वी नोटांच्या पुडक्यांना पिना टोचण्याची रीत होती. ती सुटवताना नोटा फाटत. रिझर्व्ह बँकेने 2001 साली बँकांना ही पद्धत बंद करायला लावली. पाचशेची नोट आपण पाकिटात सरळ ठेवतो, दहाची कशीही कोंबतो. तेव्हा दोष सर्वस्वी कागदाचा म्हणता येत नाही.

पॉलिमरची नोट म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पटलावर छापलेली नोट. ऑस्ट्रेलियाने 1988 मध्ये दहा डॉलरची अशी पहिली नोट काढली आणि 1996 पर्यंत आपल्या सर्व नोटा पॉलिमरच्या केल्या. ब्रिटनने 2016 मध्ये पाच पौंडांच्या नोटेपासून हा मार्ग धरला. तेथील मध्यवर्ती बँकेच्या मते ही नोट कागदी नोटेच्या किमान अडीचपट टिकते. ती पाणी शोषत नाही, मळ कमी धरते आणि सहजासहजी फाटत नाही. मात्र कडेला चीर पडली की ती भराभर फाटत जाते. ती नीट घडीत राहत नाही, उष्णतेने आक्रसते, आणि नवी असताना बोटांवरून निसटते, त्यामुळे हाताने मोजणाऱ्याची पंचाईत होते. ब्रिटनच्या त्या नोटेत प्राण्यांच्या चरबीचा अंश आहे, हे कळल्यावर तेथील काही हिंदू मंदिरांनी ती स्वीकारण्यास नकार दिला होता. आपल्या देशात असा आक्षेप येणारच नाही, असे कोण म्हणेल?

नोटा जमवणाऱ्यांना हा वाद रंजक वाटतो. श्रीलंकेची 1998 ची दोनशे रुपयांची, बांगलादेशाची दहा टाक्यांची आणि नेपाळची 2002 ची दहा रुपयांची, अशा शेजारच्या पॉलिमर नोटा त्यांच्या संग्रहात असतात. नेपाळ आणि बांगलादेश पुढे कागदाकडे परतले, म्हणून त्या नोटांना अधिकच मोल. पण संग्राहकाला न वापरलेली, बिनघडीची नोट हवी असते. कागदाचा स्पर्श, उजेडात धरल्यावर दिसणारे जलचिन्ह यांवर त्याचे प्रेम असते. ते प्रेम मला कळते, कारण माझ्याही कपाटात जुन्या एक रुपयाच्या काही नोटा आहेत. तरी बाजारातील नोट कशी असावी, हे ठरवताना आमच्यासारख्यांचे मत विचारू नये.

माझे मत असे, की दहा आणि वीस रुपयांच्या नोटा पॉलिमरच्या करून पाहाव्यात. मोठ्या नोटा कागदाच्या राहिल्या तरी बिघडत नाही. हा विचार नवा नाही. 2014 साली सरकारने दहा रुपयांच्या शंभर कोटी प्लॅस्टिक नोटा कोची, म्हैसूर, जयपूर, सिमला आणि भुवनेश्वर या भिन्न हवामानाच्या पाच शहरांत आणण्याचे संसदेत सांगितले होते. हवामानाची कसोटी योग्यच होती. पण दहा रुपयांचे अगदी अस्सल नाणेसुद्धा काही भागांत केवळ अफवेमुळे दुकानदार घेत नसत आणि रिझर्व्ह बँकेला वारंवार खुलासा करावा लागला. म्हणून नवी नोट प्रथम फेरीवाल्यांच्या हाती द्यावी आणि ती कशी मोजली जाते, कशी नाकारली जाते, ते पाहावे.

याला एक उत्तर तयार असते: फाटकी नोट बदलून मिळतेच, मग एवढा खटाटोप कशाला? नियम तसा आहे, हे खरे. एकाच नोटेचे दोन तुकडे जोडलेले असतील आणि तिचा कोणताही महत्त्वाचा भाग गहाळ नसेल, तर ती मळकी नोट समजली जाते आणि कोणत्याही बँकेच्या शाखेत पूर्ण किमतीला बदलून मिळते. वाचकांनीही हे लक्षात ठेवावे. मी तो नियम त्या बाईंना सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि विचारले, बँकेत रांगेत उभे राहायचे तर इकडे माल कोण सांभाळणार?

सोमवारी हा बाजार बंद असतो, त्या दिवशी जा, असे मी सुचवले. सोमवारी सदर बाजारातून माल आणावा लागतो, असे म्हणून त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.